कृपया हा फोटो पुढे पाठवू नका

पहिल्यांदा असा फोटो आला तेव्हा मी ताटावरून उठले होते. आता उठत नाही. फोन पालथा घालते, भाकरी संपवते, हात धुते आणि मग बघते. कुणी याला धीर म्हणतं. धीर कसला? कुदळ धरून तळहाताला घट्टा पडतो, तसा डोळ्यांच्या मागं कुठंतरी पडला आहे. तिथं टोचलेलं कळतं, दुखत नाही.

हिंगोलीत एसटी स्टँडच्या मागं, झेरॉक्सच्या दुकानावर पत्र्याची एक खोली आहे. तीच आमची संघटना. आम्ही चौघीपाचजणी, एक डगमगता टेबल आणि पत्रकांचे गठ्ठे. पत्रकं मी लिहिते. कॉलेजात असल्यापासून तेच लिहीत आले, त्यामुळं बोलतेही तशीच. आई म्हणते, "दळण टाकायला गेली तरी घोषणा देऊन येतीस." आमच्या एका पत्रकाचा मथळा 'माझा फोन, माझं घर' असा आहे. खाली नंबर. कुणी तुमचा फोटो बिघडवून फिरवत असेल तर इथं कळवा. त्याखाली जाड अक्षरात: फोटो पाठवू नका, नुसतं सांगा.

लोक फोटोच पाठवतात. बाप पाठवतात, मास्तर पाठवतात, बायका नवऱ्याच्या फोनवरून पाठवतात. सोबत एक ओळ, 'बघा ताई काय चाललंय'. चूकच आहे ती, पण तिचं कारण मला कळतं. सांगायला शब्द लागतात, आणि या गोष्टीचे शब्द आपल्याकडं फक्त शिव्यांत आहेत.

लोकांचा दुसरा समज असा, की कंपनीत कुणीतरी पडद्यासमोर बसलेलं असतं, त्याला सगळं दिसतं आणि तो मुद्दाम काही करत नाही. "तुमी वर कळवा ना ताई." वर कोण आहे? मेसेज तुमच्या फोनात कुलूपबंद होतो आणि ज्याला पाठवला त्याच्याच फोनात उघडतो. मधल्या रस्त्यावर कंपनीच्या हाताला लागतं ते बंद पाकीट. ते उघडायची किल्ली कंपनीकडं नाही, आणि नसावी, असं मी आजही छातीठोक सांगते. आज कंपनीला किल्ली दिली की उद्या ती सरकारकडं जाते आणि परवा गावातल्या पुढाऱ्याकडं. मग घाण आली तर करायचं काय? ज्याच्या फोनात ती आली त्यानं स्वतः बोट दाबून 'रिपोर्ट' करायचं. तेव्हा त्याच्या फोनातून शेवटचे काही मेसेज कंपनीकडं जातात आणि तिथं ते बघितले जातात. म्हणजे राखणदार बाहेर कुणी नाहीच. ज्याच्या हातात फोन तोच राखणदार. आणि आमच्याकडं गावाच्या ग्रुपात ज्याच्या हातात फोन असतो तो बाप असतो, चुलता असतो, भाऊ असतो.

मागच्या हळदीच्या हंगामात एका पोरीचा फोन आला. कुरुंद्याकडच्या एका गावची, हिंगोलीत नर्सिंग शिकणारी. हळद शिजवायला हात कमी पडतात म्हणून घरी गेलेली. तिनं फोटो पाठवला नाही. पत्रकावरची जाड अक्षरं वाचून तसं वागणारी मला भेटलेली ती पहिलीच.

"ताई, तोंड माझं हाय. बाकीचं माझं न्हाई. कॉम्प्युटरवर जोडलंय कुणीतरी."

"कुठं टाकलंय?"

"हळदीच्या भावाच्या ग्रुपात. अनोळखी नंबर हाय. मोठ्या काकांनी लगेच काढून टाकलं."

मोठे काका म्हणजे तिच्या बापाचे थोरले भाऊ. त्या ग्रुपचे ॲडमिन तेच. रोज सकाळी बाजार समितीतला हळदीचा भाव टाकणारे, पावसाचा अंदाज टाकणारे, कुणी भलतंसलतं टाकलं तर त्याला सगळ्यांसमोर झापणारे. वाटण्या झाल्या तरी घरात शब्द त्यांचाच. फोटो दिसल्याबरोबर त्यांनी तो नंबर ग्रुपातून हाकलला आणि ॲडमिनला जमतं तसा फोटो सगळ्यांच्या फोनातून पुसून टाकला. गावानं त्यांची वाहवा केली.

"मग आता अडलं कुठं?"

"उद्या बैठक हाय पारावर. काका म्हणतेत, गावातल्याच कुणीतरी माझा फोटो त्या नंबरला पुरवला. भावकीतल्या समद्या पोरापोरींनी फोन उघडून समोर ठेवायचे. पंच बघणार. माझा बी."

"तुझा काहून?"

"फोटो माझाच हाय ना, म्हणून माझा आधी."

मला जे विचारायचं नव्हतं त्याचं उत्तर तिनंच दिलं. "त्यात वंगाळ काही न्हाई ताई. पण माझं हाय ते. मैत्रिणीचं हाय, अजून एकाचं हाय. काकांनी ते वाचलं ना, की माझी परीक्षा गेली, कॉलेज गेलं. मे महिन्यात हळद लावून मोकळे व्हतेन."

पोलिसांत जाऊ म्हणावं तर त्याचं उत्तर मला आधीच्या एका प्रकरणातून पाठ होतं. फोन तपासाला जमा करावा लागेल, परत कधी मिळेल ते सांगता येत नाही. तिची ड्युटी, प्रॅक्टिकलच्या तारखा, सगळं त्याच फोनवर येत होतं. या प्रकारात मला दर वेळी हेच दिसतं आणि पूर्वी तळपायाची आग मस्तकात जायची, आता गुडघ्यापर्यंत येते आणि थांबते: घाण करणाऱ्याचा फोन कुणालाच नको असतो. पोरीचा फोन मात्र पोलिसांना हवा, पंचांना हवा, चुलत्याला हवा.

दुपारी स्कूटी काढली आणि गेले. वस्तीला पोचायच्या आधीच शिजलेल्या हळदीचा वास आला, ओल्या मातीसारखा आणि त्यात काहीतरी कडू. रानात ताडपत्रीवर हळद वाळत होती. पोरगी एका कडेला बसून गड्डे आणि हळकुंडं वेगळी करत होती. बाप बॉयलरपाशी. हात मनगटापर्यंत पिवळे. मला बघून त्यांनी डोक्याचं उपरणं सोडून तोंड पुसलं, तर तोंडही पिवळं झालं.

"तुमीच का त्या फोनवाल्या ताई?" ते म्हणाले. "तुमचं पत्रक वाचलं म्या. फोन बघू नका म्हणतेत तुमी. मंग चोर घावणार कसा?"

"तुमच्या दादांनी फोन बघितले म्हणून घावणार आहे का?"

"तसं न्हाई..."

"चोराचा फोन आत्तापर्यंत धुऊन वाळत घातला असेल. तुमच्या लेकीचाच तेवढा भरलेला सापडणार."

मला वाटलं आता हाकलून देतील. पण ते बांधावर बसले आणि खाली बघत म्हणाले, "माझ्या फोनात हाय ते. अजून."

मला आश्चर्य वाटलं. काकांनी तर सगळ्यांच्या फोनातून पुसलं होतं.

"ग्रुपातलं गेलं," ते म्हणाले. "हे दादानं येगळं पाठवलेलं, भावकीत, पाहुण्यांत, समद्यांनाच. म्या उघडलं न्हाई. नेट वाचतंय म्हणून फोटो आपोआप उतरायचं बंद ठेवलंय, तर ते धुरकट दिसतंय नुसतं. खालचं लिहिलेलं वाचलं."

"काय लिहिलंय?"

त्यांना ते पाठ होतं. मान खाली घालून त्यांनी म्हणून दाखवलं. "कृपया हा फोटो कुणीही पुढे पाठवू नये. आपल्याच गावची लेक आहे. फोटो खोटा आहे. जनहितार्थ." मग म्हणाले, "खाली हात जोडलेले."

आणि वर फोटो.

मी पुष्कळ फोटो बघितलेत. हे मात्र मी पहिल्यांदाच ऐकत होते. मोठ्या काकांनी ग्रुपातून पुसायच्या आधी तो फोटो भावकीला पाठवला होता. पाहुण्यांना पाठवला होता. लोकांना सावध करावं म्हणून. ज्यांनी ग्रुपात तो बघितलाच नसता त्यांच्याकडं तो काकांच्या हातून गेला, हात जोडून. आणि ज्या अनोळखी नंबरानं टाकला होता त्याच्याविरुद्ध रिपोर्ट करायला आता कुणाच्या फोनात काही उरलं नव्हतं, कारण तेही काकांनीच पुसलं होतं. कुणी स्वतःसाठी ठेवून घेतला असेल तर तो माणूस पुढं येऊन सांगणार थोडाच.

आमच्याकडं लोक असंच करतात. गावात साप निघाला तर मारून काठीवर घेऊन घरोघर दाखवतात, म्हणजे पोरांनी सावध राहावं. काकांनी तेच केलं. फक्त हा साप मेलेला नव्हता.

"हे थांबवायचं एकच दार आहे," मी सांगितलं. "तुमच्याकडं जे आलंय ते तुम्ही रिपोर्ट करायचं. कंपनी बघेल. खोटा आहे, नागडा आहे, लगेच कळेल त्यांना. पण रिपोर्ट ज्यानं पाठवला त्याच्या नंबरावर जातो."

त्यांनी मान वर केली. "म्हंजे दादावर."

"व्हय."

"त्यानं चांगल्यासाठी केलं."

"व्हय."

"तुमी निस्तं व्हय व्हय करून राहिल्या. त्याचं बंद पडलं तर?"

"पडू शकतं. नाही पडलं तरी तो फोटो तिथं दाखल होतो. तुम्ही केलं हे त्यांना कळणार नाही. कोण रिपोर्ट करतं ते कुणालाच दिसत नाही."

"मला तर दिसंल," बाप म्हणाला.

बॉयलरची वाफ सुटली आणि त्यांना उठावं लागलं. झाकण काढून, हळद उपसून, दुसरा घाणा भरून ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात फोन होता. अंगठा लावला. लागला नाही. हळदीनं अंगठ्याच्या रेघा बुजल्या होत्या. धोतराला पुसला, परत लावला. नाही. शेवटी करंगळीनं नंबर दाबून उघडला. मी दोन्ही हात मागं बांधून उभी राहिले. हा आमचा नियम आहे. कुणाचाही फोन हातात घ्यायचा नाही, त्यानं दिला तरी.

"आता?"

"त्या धुरकटावर बोट दाबून धरा. तोंड दुसरीकडं करा हवं तर."

त्यांनी खरंच तोंड दुसरीकडं केलं. लेकीकडं. ती पाठमोरी होती. तिला सगळं ऐकू जात असणार, तिचे हात थांबले होते.

"धरलं."

"वर तीन ठिपके आलेत. ते दाबा. रिपोर्ट लिहिलंय बघा."

"हाय." मग, "हे इचारून राहिलं, ब्लॉक बी करू का म्हणून."

"ते तुमचं तुमी ठरवा."

"न्हाई. भाऊ हाय."

त्यांनी तेवढी खूण काढली आणि दाबलं. फोन खिशात घातला आणि मला म्हणाले, "च्या घेता का?" घेतला. पोरीचे हात परत सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी बैठकीला मी गेले. बोलावलं नव्हतं. पारावर सतरंजी अंथरलेली, पंच वर, पुरुष खाली, बायका देवळाच्या भिंतीला टेकून. मोठे काका मधोमध. स्वच्छ पांढरा सदरा, आवाजाला धार. दुष्ट माणूस नव्हता तो, हे मी लिहून ठेवते, कारण पत्रकात मला ते लिहिता आलं नसतं.

"पोरांचे बी फोन, पोरींचे बी," ते म्हणाले. "भेदभाव न्हाई. ज्याच्या मनात काही न्हाई त्यानं भ्यायचं काहून?"

पोरं हसत हसत फोन ठेवत होती. एकजण म्हणाला, "माझ्या फोनात तर देवाचे फोटो बी राहिले न्हाईत, इतका साफ हाय." बायकांत एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "आमच्या ह्यांचा बी ठिवा म्हणावं त्यात. चष्मा लावून काय बघत बसतेत ते तरी कळंल." भिंतीपाशी खसखस पिकली.

मग काकांनी पुतणीचं नाव घेतलं. ती उठली नाही. तिचा बाप उठून पारापर्यंत गेला.

"दादा," ते म्हणाले, "तिचा फोन मिळणार न्हाई. तिचा हाय, तिच्यापाशीच राहील. म्या बी कधी बघितला न्हाई."

"मंग चोर कसा घावायचा?"

"चोर न्हाई घावला तरी चालंल. मला एक सांग. ते तू कुणाकुणाला पाठवलं?"

काकांना प्रश्न कळलाच नाही. "काय?"

"फोटो. कुणाला पाठवलास?"

"भावकीला पाठवला," काका म्हणाले, अगदी सरळ. "पाहुण्यांना. तिच्या मामाकडं. बाळापूरच्या सोयऱ्यांना. आपल्या भजनाच्या मंडळींना. पाठवू नका म्हणून सांगायला नको का? लिहिलंय मी खाली. जनहितार्थ."

मग मागून एक पोरगा खिदळला, आणि मग दुसरा ओरडला, "काकांचाच फोन काढा! आधी काकांचा बघा!" दोघंतिघं उठलेच. एकानं सदऱ्याच्या खिशाला हात घातला.

"त्यांचाही नाही," मी भिंतीपासून ओरडले. माझा आवाज पत्रकातला होता, मोठा, घोगरा. "कुणाचाच नाही. हात काढ खिशातून."

"ताई, तुमी हायेत तरी कुणाच्या बाजूनं?" पोरगा वैतागून म्हणाला.

लोक हसले. हे सांगायला मला नेहमी एक अख्खं पत्रक लागतं. पोरानं हात काढला. काका खाली बघत होते. सदऱ्याचा खिसा त्यांनी वरून तळहातानं दाबून धरला होता, दुखऱ्या जागेवर हात धरावा तसा.

एका पंचानं घसा साफ केला आणि ज्याच्या त्याच्या फोनातून ते पुसून टाका, विषय संपला, असं म्हणाला. सतरंजीवरचे फोन ज्याचे त्यानं उचलले. पोरगी दुपारच्या गाडीनं हिंगोलीला गेली. बाप तिला सोडायला फाट्यापर्यंत आला होता, हे मला स्कूटीवरून दिसलं. मी थांबले नाही.

तो अनोळखी नंबर कुणाचा, हे आजतागायत कळलेलं नाही. कळेल असं वाटत नाही. आमच्या फोनवर त्यानंतरही येत राहिलं, वेगवेगळ्या गावांतून, त्याच एका ओळीसह. मी उत्तरं देत राहिले. रिपोर्ट करा, पुढे पाठवू नका, फोटो मला नको. रोजचं काम आहे, त्यात आता राग फार वेळ टिकत नाही.

काही दिवसांनी मोठे काका आमच्या खोलीत आले. हळद घेऊन बाजारात आले होते, गाडी वजनकाट्यावर लावून जिना चढून आलेले. खुर्ची दिली तर टोकावर बसले.

"ताई, माझं बंद पडलंय," ते म्हणाले. "उघडलं की लिहून येतंय, तुमचं खातं वापरता येणार न्हाई. भाव टाकता येत न्हाई मला. कुणाचं काही येत न्हाई."

मी सांगितलं की खाली एक बटण आहे, तिथं फेरविचार करा असं लिहून पाठवता येतं. फोन त्यांच्या हातातच राहू दिला. ते एकेक अक्षर शोधत लिहू लागले.

"मराठीत चालंल ना?"

"चालेल."

"म्या लिहितो, जनहितार्थ पाठवला व्हता."

"लिहा."

"तिथं वाचणारा माणूस हाय का कुणी?"

"माहीत नाही."

त्यांनी लिहिलं, पाठवलं, फोन मांडीवर ठेवला. मग जरा वेळानं विचारलं, "ताई, हे माझ्यावर घातलं कुणी, ते दिसतं का?"

"नाही दिसत. ते तसंच बनवलेलं आहे."

"तुमाला बी?"

मी म्हणाले, "मी सांगणार नाही."

त्यांनी मान हलवली. खिडकीतून खाली स्टँडकडं बघत राहिले. "भाऊ तर नसंल," ते म्हणाले. "बैठकीत बोलला तो, पण तोंडावर बोलला. तसा न्हाई तो."

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. ते प्याले.

"पोरगी परीक्षेला बसली," ते उठता उठता म्हणाले. "पहिले पेपर बरे गेले म्हणतेत. घरच्या ग्रुपवर टाकलं तिनं, आमच्या हिच्या फोनात बघितलं. मला काही लिहून पाठवता आलं न्हाई." आणि जिन्यात पायरी चाचपडत, काट्यावर नंबर लागला असेल म्हणत, घाईनं उतरून गेले.